तुडुंब भरलेला कॅन

१

सत्यशीला देवकतेला खोटारडी ठरवायला एक काचेचं झाकण उचलावं लागलं, बस्स.

गुरुवारची सकाळ होती. झाकणाखालच्या पिवळसर जेलीवर एकही जिवाणू दिसायला नको होता. दिसली ती ई. कोलायची पांढुरकी साय, या काठापासून त्या काठापर्यंत, घट्ट. शेजारीच विश्वजीत औताडेची डिश होती. ती मात्र लख्ख.

"दोन वर्षं तुमच्या औषधानं जिवाणू पटापट मरत होते," बाहेरून आलेल्या तज्ज्ञ डॉ. मोनिका पाथ्रीकर म्हणाल्या, "आणि मी बघायला आले त्याच दिवशी त्यांना जगावंसं वाटलं?"

विभागप्रमुख डॉ. अंगद तौर यांनी मोठा उसासा सोडला. घरातलं कुणी गेल्यावर सोडावा तसा. "मॅडम, मुलगी साध्या घरची आहे. शिष्यवृत्तीची जागा एकच. आकडे रचले असतील. माणूस मोहात पडतो."

दुपारी हर्सूलच्या घरी प्रांजलीनं हे वाक्य ऐकलं आणि हातातलं वाटाणे निवडायचं सूप जमिनीवर आपटलं.

"माणूस मोहात पडतो? तू? आत्या, तू तर लुडोत सुद्धा खोटं खेळत नाहीस! म्हणून तर दरवेळी हरतेस!"

"हळू बोल. शेजारी ऐकायलेत."

"ऐकू दे की! शेजाऱ्यांनाही राग यायला पाहिजे!"

प्रांजली पंधरा वर्षांची, नुकतीच नववी पास झालेली. अलीकडेच तिला शोध लागला होता, की आपण मोठ्यानं बोललो की मोठी माणसं थांबून ऐकतात. तेव्हापासून ती हळू बोलायचंच विसरली होती. सत्यशीला तिच्या वडिलांची धाकटी बहीण. घराण्याचा धंदा मेंढरांचा. प्रांजलीची आजी बानाबाई अजून दौलताबादच्या किल्ल्याखाली कळप राखून होती. तिथं दर हंगामात कोकरांच्या नाळा पिकायच्या, कोकरं मरायची. म्हणूनच सत्यशीलानं ठरवलं होतं, की मेंढीच्या चिकातून, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दुधातून, औषध काढायचं. चिकातल्या प्रथिनाचा एक छोटा तुकडा तिनं वेगळा केला होता. अशा तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. हा तुकडा जिवाणूंच्या अंगाला भोकं पाडायचा. दोन वर्षं पाडत होता.

"सोमवारी समिती बसणार," सत्यशीला म्हणाली. "आकडे रचले असं ठरलं तर माझी पीएचडीची नोंदणी रद्द. मग दुसऱ्या कॉलेजातही कुणी दारात उभं करणार नाय. चोराला कोण घरात घेतं?"

"तू रडू नको. आधी मला नीट चिडू दे, मग रड."

"रडत नाय गं. उन्हानं डोळे चुरचुरायलेत."

चिडायला चष्मा स्वच्छ लागतो. घरी नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेव्हा चष्म्यावर ते उडवण्याची कुणाची हिंमत नव्हती. प्रांजलीनं आत्याच्या पिशवीतून प्रयोगशाळेची पिचकारीची बाटली काढली. टेबल आवरताना ती पिशवीत आली होती. आत्याची बाटली घरी आली की तिचा हा ठरलेला लाड असायचा. तिनं काचांवर पाणी उडवलं आणि चष्मा खिडकीत ठेवला. गरम वाऱ्यानं तो लगेच वाळला.

तिनं तो डोळ्यांवर चढवला, काढला, पुन्हा चढवला.

आत्याच्या चेहऱ्यावर पांढरे ठिपके होते. भिंतीवरही होते. काचेवर थेंब जिथं जिथं वाळला होता, तिथं चुन्यासारखा डाग उरला होता.

"आत्या," प्रांजली कित्येक दिवसांत पहिल्यांदाच हळू बोलली, "डिस्टिल्ड पाण्याला डाग पडतात का?"

२

पडत नाहीत. डिस्टिल्ड म्हणजे उकळून, वाफ करून, ती थंड करून गोळा केलेलं पाणी. वाफेबरोबर क्षार वर जात नाहीत, त्यामुळे मागे डाग ठेवायला त्या पाण्यात काही नसतंच.

प्रांजलीनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला. एका बाटलीत पिचकारीतलं पाणी, दुसरीत गल्लीतल्या बोअरचं, तिसरीत नळाचं साठवलेलं. प्रत्येकीत साबणाचा तेवढाच कीस टाकला आणि दणादण हलवल्या. नळाच्या पाण्याला बोटभर फेस आला. बोअरच्या पाण्यात फेस नाही, नुसत्या दह्यासारख्या गुठळ्या.

पिचकारीतल्या पाण्यातही गुठळ्याच.

"दुष्फेन पाणी! सातवीत धडा होता!" प्रांजली ओरडली. "आत्या, तुझ्या बाटलीत बोअरचं पाणी आहे!"

सत्यशीला उठून ओट्यापाशी आली. गुठळ्या बघता बघता तिचे डोळे वाळले.

"कॅल्शियम, मॅग्नेशियम," ती पुटपुटली. "अगं बया. असं असंल तर माझा पेप्टाइड काय करणार बिचारा?"

"म्हणजे?"

"एसटी आठव. स्टँडवर गाडी लागली की लोक काय करतात?"

"खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात."

"तसंच. जिवाणूच्या अंगावर ऋण भाराच्या जागा असतात, त्या सीटा समज. माझा पेप्टाइड धन भाराचा. तो तिथं जाऊन बसतो, मग अंग फाडून आत घुसतो. पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयनही धन भाराचे, आणि बोअरच्या पाण्यात ते जत्रेसारखे. पेप्टाइड दारातून चढेपर्यंत यांचे रुमाल सगळीकडं पडलेले. वर हे जिवाणूचं कवच शिवून घट्ट करतात ते वेगळंच. पेप्टाइड मरत नाय गं. उभा राहतो."

"आणि जिवाणू ऐटीत बसून प्रवास करतात!" प्रांजलीनं टाळी वाजवली. "मग झालं की! सांगून टाकू समितीला. पाणी कुठून घेतलं होतंस तू?"

"प्रयोगशाळेत डिस्टिल्ड पाण्याचा एकच मोठा कॅन आहे. बुधवारी सगळ्यांसमोर त्यातूनच घेतलं, ही पिचकारीही त्यातूनच भरली. तुडुंब भरलेला होता. मला वाटलं, पाहुणे येणार म्हणून सरांनी यंत्र चालवलं असंल."

बोलता बोलता ती थांबली. ओट्यावरचा हात तिनं मागे घेतला.

"काय झालं?"

"विश्वजीतचाही पेप्टाइडच आहे. कंपनीत बनवलेला, पण जात तीच. त्यालाही हे पाणी असंच मारक. आणि प्रांजू, प्रयोगशाळेत कॅन तर एकच. मग त्याची डिश लख्ख कशी?"



३

सत्यशीलाला विभागात पाऊल टाकायला मनाई होती. तिच्या नावावरची ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला मात्र कुणाची मनाई नव्हती. शुक्रवारी प्रांजली ती पुस्तकं छातीशी धरून सिटीबसमध्ये चढली. खिडकीतून दोन्ही बाजूंना नव्या इमारतींचे सांगाडे दिसत होते. प्रत्येकीवर "चोवीस तास पाणी" असा फलक, आणि प्रत्येकीखाली बोअरच्या पाण्याचा टँकर उभा.

विभागाच्या मागच्या जिन्यात मनकर्णाबाई फडकी पिळत बसल्या होत्या. त्या इथं झाडलोट करायच्या. सत्यशीलाचा डबा पोचवायला येणाऱ्या प्रांजलीला त्या ओळखत होत्या.

"आत्या कशीय गं? जेवली का?"

"नाही. मावशी, एक विचारू? प्रयोगशाळेतला तो मोठा पांढरा कॅन कोण भरतं?"

"म्या भरला की मंगळवारी."

प्रांजली पायरीवर बसलीच. तिला वाटलं होतं, गुन्हेगार शोधायला दिवस जातील, लपून पाठलाग करावा लागेल. आणि इथं गुन्हेगार फडकं पिळता पिळता हो म्हणत होता.

"तुम्ही? टँकरचं पाणी? त्याच्यात?"

"मंग? टँकर आला. दोन दिसांनी आला. बादल्या भरल्या, पिंप भरलं, फुलदाणी सुद्धा भरली साहेबाच्या केबिनातली. मोरीपाशी ह्यो कॅन रिकामा दिसला, भरला अन् जागेवर नेऊन ठिवला. पाणी आल्यावर भांडं रिकामं ठिवतं का कुणी? तुज्या घरी ठिवतात?"

प्रांजलीच्या घरी पाणी आलं की आई चहाच्या कपांपासून पावभाजीच्या कढईपर्यंत सगळं भरायची. एकदा तिनं प्रांजलीच्या कंपासपेटीकडेही आशेनं बघितलं होतं. या उन्हाळ्यात शहरात एकही घर असं नव्हतं, जिथं टँकरचा भोंगा वाजल्यावर कुणी 'हे भांडं कशाचं' असं विचारत बसलं असतं.

"काय चुकलं का माजं?" मनकर्णाबाईंचे हात थांबले. "पोरी, खरं सांग. माज्यामुळं झालं का त्या लेकराचं?"

"तुमच्यामुळं नाही," प्रांजली म्हणाली, आणि म्हणतानाच तिला प्रश्नाचं खरं टोक सापडलं. "मावशी, कॅन रिकामा होता म्हणालात. म्हणजे थोडं तळाला होतं?"

"टिपूस नव्हता."

"मग आधीचं पाणी गेलं कुठं? डिस्टिल्ड पाणी काय कुणी झाडांना घालतं?"

मनकर्णाबाईंनी आजूबाजूला बघितलं आणि फडकं बादलीत टाकलं.

"औताड्याचा पोरगा. दुपारी कॅन खांद्यावर घिऊन मोठ्या हॉलाकडं जाताना म्या डोळ्यांनी बघितला त्याला. येताना कॅन हलका होता. बोटावर नाचवत आणला."

४

विश्वजीत औताडे वसतिगृहाच्या व्हरांड्यात शर्ट वाळत घालत होता. शर्ट धुतलेला नव्हता. घामाचा होता, नुसता वाऱ्यावर टाकलेला.

"तूच केलंस!" प्रांजलीनं पुस्तकांसकट त्याला गाठलं.

"काय केलं? तू सत्यशीलाची पुतणी ना?"

"व्हय! मंगळवारी डिस्टिल्ड पाण्याचा कॅन तूच ओतलास!"

तो चक्क हसला. "हो, मीच ओतला. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत. बॅटऱ्यांत तेच पाणी लागतं, दुसरं घातलं तर जळतात. सर म्हणाले, समितीसमोर लाइट गेली, पडद्यावर अंधार झाला तर विभागाची अब्रू जाईल. हॉलमधल्या सगळ्या बॅटऱ्या कोरड्या पडल्या होत्या."

"सर म्हणाले?"

"मग मी काय हौसेनं कॅन वाहिला? लई जड असतो तो."

प्रांजलीचा राग पायाखालची पायरी हुकल्यासारखा अडखळला. सरांनी सांगितलं, यानं ऐकलं, मावशींनी रिकामं भांडं भरलं. तिघांनी तीन साधी कामं केली. यात पाप कुठं होतं?

"मग बुधवारी तुझ्या प्रयोगाला पाणी कुठलं घेतलंस?"

विश्वजीतचं हसू गेलं. त्यानं शर्टाची बाही उगीच सरळ केली.

व्हरांड्यातून त्याची खोली उघडी दिसत होती. फळीवर पुस्तकांच्या रांगेत एक निळ्या झाकणाची प्लॅस्टिकची बाटली होती, गॅरेजवाल्यांकडे असते तशी. वर बॅटरीचं चित्र.

"ही?" प्रांजलीनं बोट दाखवलं. "हे विकतचं डिस्टिल्ड पाणी ना? कुणी आणून दिलं?"

"सरांनी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "बुधवारी सकाळी. म्हणाले, तू हे वापर."

"आणि आत्याला का नाही दिलं?"

"मला वाटलं तिलाही दिलं असेल."

"वाटलं! गुरुवारी डिश उघडल्यावर पण वाटतच होतं? कॅन तू स्वतः कोरडा केलेला! तो भरलेला बघून तुझ्या डोक्यात काहीच आलं नाही?"

"आलं," तो एकदम मोठ्यानं म्हणाला. मग आवाज पडला. "रात्रभर तेच येत होतं. प्रांजली, आमची जमीन शेंद्र्याच्या एमआयडीसीत गेली. बाप तिथल्याच एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहे, आपल्याच वावरात दुसऱ्यांना सलाम ठोकतो. सरांनी माझ्या कागदांवर सही केली नाही तर मी पण तिथंच उभा राहीन. दुसऱ्या गेटवर."

"आणि आत्या कुठं उभी राहील?"

त्यानं आत जाऊन दार लावून घेतलं.

प्रांजली तणतणत जिना उतरली, पुस्तकं परत करायला पुन्हा विभागाच्या वाटेनं वळली, आणि कोपऱ्यावर एका पांढऱ्या सफारीवर आदळली.

"सावकाश, बेटा," डॉ. तौर म्हणाले. "देवकते ना तू? चल, केबिनमध्ये ये. मला तुझ्याशीच बोलायचंय."

५

केबिनात कूलर चालू होता. सरांनी तिला खुर्ची दिली, बिस्किटं दिली, आणि इतक्या गोड आवाजात बोलले की बिस्किट तिला कडू लागलं.

"आत्याला समजाव. तिनं कबूल करावं, की आकडे लिहिताना चूक झाली. मी समितीच्या पाया पडेन, वर्षभराच्या निलंबनावर भागवेन. ती माझ्या मुलीसारखी आहे."

मुलीसारखी! प्रांजलीच्या जिभेवर चार उत्तरं उड्या मारत होती. तिनं ती बिस्किटाबरोबर गिळली आणि डोळे होतील तेवढे मोठे केले. वर्गात गृहपाठ झालेला नसला की ती असंच बघायची.

"सर, डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र कसं असतं हो? दहावीला प्रकल्प करायचाय."

सरांना बरं वाटलं. मोठ्या माणसांना एक प्रश्न विचारला, की त्यांना तीन उत्तरं द्यायची असतात.

"यंत्र काचेचं आहे. पण बेटा, ते पाणी पितं! बाटलीभर शुद्ध पाणी गोळा करायला वाफ थंड करण्यात बादल्यांनी पाणी गटारात जातं. दुष्काळात ही चैन? मी स्वतः त्याला कुलूप घातलं. गुढीपाडव्यापासून बंद. किल्ली इथं, माझ्या खणात. प्राचार्यांनी भर सभेत कौतुक केलं."

"मध्ये एकदाही चालू नाही केलं? समिती आली तेव्हा पण?"

"एकदाही नाही. शिस्त म्हणजे शिस्त."

"वा, सर," प्रांजली म्हणाली. हे दोन शब्द तिनं मनापासून उच्चारले.

घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात सगळं एका ओळीत उभं राहिलं होतं. सत्यशीलाला कॅन ओतल्याचं ठाऊक नव्हतं, म्हणून भरलेला कॅन बघून ती फसली. मनकर्णाबाईंना पाण्या-पाण्यात फरक असतो हेच ठाऊक नव्हतं. विश्वजीतला कॅन ओतल्याचं ठाऊक होतं, पण यंत्र पुन्हा चालवलं नाही हे तो खात्रीनं सांगू शकत नव्हता, किल्ली त्याच्याकडे नव्हतीच.

दोन्ही गोष्टी एकाच माणसाला ठाऊक होत्या.

"आत्या, बुधवारी तू कॅनची तोटी सोडलीस तेव्हा तौर सर कुठं होते?"

सत्यशीला विचारात पडली, आणि मग तिचा चेहरा उतरला.

"माझ्या शेजारी. माझी परीक्षानळी त्यांनीच धरली होती."

६

सोमवारी समितीच्या खोलीबाहेर प्रांजली तीन बाटल्या आणि साबणाची वडी घेऊन बसली होती. आत सत्यशीला सांगत होती, आणि बंद दारातूनही कळत होतं की तिला वाक्य पुरं करू देत नाहीत. "कारणं शोधतेय, मॅडम," हा तौर सरांचा आवाज होता. प्रांजलीला दार ढकलायला आणखी निमित्त लागलं नाही.

"ही कोण?" डॉ. पाथ्रीकरांनी चष्म्यावरून बघितलं.

"प्रांजली मुंजाबा देवकते, दहावी. मॅडम, मला पाच मिनिटं द्या. साबण मी घरून आणलाय."

कुणीतरी हसलं. पाथ्रीकर हसल्या नाहीत. "पाचच."

प्रांजलीनं बाटल्या हलवल्या. गॅरेजातून विकत आणलेल्या बॅटरीच्या पाण्याला फेस आला. टँकरच्या पाण्यात गुठळ्या आल्या, पिचकारीतल्या पाण्यातही. तिनं डाग पडलेला चष्मा काढून मॅडमच्या हातात दिला आणि मंगळवारपासूनची हकिगत सांगितली. मध्ये एकदा श्वास घेतला असेल.

"कल्पना छान आहे," तौर सर हसत म्हणाले. "पण पाणी खराब, तर औताडेचा प्रयोग यशस्वी कसा? त्याचाही पेप्टाइडच ना?"

प्रांजलीनं टेबलाच्या टोकाला बसलेल्या विश्वजीतकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तो नखाकडे बघत राहिला.

"आणि कॅनमध्ये खरंच टँकरचं पाणी गेलं असेल," सर पुढे म्हणाले, "तर तो त्या झाडूवाल्या बाईचा गाढवपणा. तिला आजच काढून टाकतो. प्रश्न मिटला."

"असा कसा मिटला!" प्रांजलीचा आवाज खिडकीबाहेर गेला असावा, कारण खाली मोटारसायकल सुरू करणारा माणूस थांबला. "मावशींनी रिकामं भांडं भरलं! तुमच्या घरी टँकर आला की तुम्ही काय टाळ्या वाजवता? भांडं रिकामं कुणी करायला लावलं ते बोला! कॅन ओतायला तुम्ही सांगितलं. यंत्राला कुलूप तुम्ही घातलं, किल्ली तुमच्या खणात, मला बिस्किट देऊन तुम्हीच सांगितलंत. म्हणजे तो कॅन भरलेला दिसला तेव्हा त्यात डिस्टिल्ड पाणी असूच शकत नाही, हे अख्ख्या इमारतीत फक्त तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्ही आत्याची नळी धरून उभे राहिलात! पाणी तुम्ही नाही बदललं, सर. तुम्ही नुसतं बघितलं. शेजारी उभं राहून बघितलं!"

पाथ्रीकरांनी हातातला डागाळलेला चष्मा उजेडात धरला.

"लहान मुलीच्या बोलण्यावर..." सरांनी सुरुवात केली.

"मी कॅनचं पाणी वापरलं नव्हतं."

विश्वजीत उभा राहिला होता. त्याच्या हातातून निळी बाटली टेबलावर आली, तेव्हा ती नीट ठेवताही आली नाही त्याला. आडवी पडली.

"सरांनी दिली ही. म्हणाले, तू हे वापर, कॅनला हात लावू नको. मी का ते विचारलं नाही. गुरुवारी कळलं, तरी बोललो नाही. माझी नोंदणी रद्द करायची तर करा. पण मनकर्णामावशींना काढू नका."

तौर सरांनी पाणी मागितलं. कुणी उठलं नाही.

७

डॉ. पाथ्रीकरांनी कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि हे प्रांजलीला फार आवडलं. त्यांनी स्वतःच्या हातांनी चार डिश मांडल्या. चिकाचा पेप्टाइड दोन पाण्यांत, कंपनीचा पेप्टाइड त्याच दोन पाण्यांत. मग खोलीला स्वतःचं कुलूप घातलं.

मंगळवारी झाकणं उघडली. शुद्ध पाण्यातल्या दोन्ही डिश लख्ख होत्या. टँकरच्या पाण्यातल्या दोन्हींवर साय होती, कंपनीच्या डिशवर जरा जास्तच जाड. पेप्टाइड बनवणारी ही कंपनी तौर सरांना सल्ल्याचं मानधन द्यायची, हेही त्याच दिवशी बाहेर आलं.

"देवकते, तुमचे आकडे खरे आहेत," पाथ्रीकर म्हणाल्या. "मी गुरुवारी घाई केली. माफ करा."

प्रांजलीनं आत्याचा हात इतका जोरात दाबला की बांगडी पिचकली. तिला वाटलं, आत्या आता हसेल, निदान रडेल तरी. सत्यशीला मात्र साय आलेल्या डिशवर वाकली होती.

"मॅडम, आनंद कसा मानू? माझी आई कोकराची नाळ हौदाच्या पाण्यानं धुते. किल्ल्याखालची सगळी गावं बोअरवर आहेत. माझं औषध इथल्या काचेत चालतंय आणि जिथं लागणार तिथंच उभं राहणार. हे दोन वर्षं माझ्या डोक्यात आलं नाय. मला आता नव्यानं सुरुवात करायला लागेल. क्षारांना न जुमानणारा तुकडा शोधायचा."

"तेच लिहा," पाथ्रीकर म्हणाल्या. "मार्गदर्शक मी होते, चालणार असेल तर."

सत्यशीलानं मान हलवली. या वेळी डोळे उन्हानं चुरचुरत नव्हते.

मनकर्णाबाई कामावर राहिल्या. विश्वजीतला समितीनं समज दिली, आणि त्यानं सत्यशीलाची माफी मागितली तेव्हा ती नुसतं "बरं" म्हणाली. प्रांजलीला तेवढंही द्यायचं नव्हतं. तौर सरांवर चौकशी बसली, पण चौकशी बसली तरी केबिन त्यांचीच होती, कूलरही त्यांचाच. त्यांच्या आवाजातला गोडवासुद्धा जागच्या जागी होता. निघताना त्यांनी दोघींना जिन्यात गाठलं.

"सत्यशीला, झालं गेलं विसरू. शेवटी विभाग आपलाच. हा क्षारांचा निष्कर्ष मोठा आहे बरं का, परदेशी नियतकालिकात जाईल. शोधनिबंधात माझं नाव घालायचं विसरू नको. प्रयोग माझ्याच छताखाली झालाय."

प्रांजलीचे कान गरम झाले. या माणसाला लाज नावाची गोष्ट कुठल्या दुकानात मिळते तेही माहीत नव्हतं. तिनं तोंड उघडलं, पण आत्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"घालणार, सर," सत्यशीला अगदी नम्रपणे म्हणाली. "पहिला प्रयोग का फसला, ते सविस्तर सांगावंच लागेल. तुमचं नाव त्या परिच्छेदात येईल. पूर्ण नाव, हुद्द्यासकट."

आणि ती जिना उतरू लागली. प्रांजली दोन पायऱ्या मागे राहिली, कारण सरांचा चेहरा तिला आणखी जरा वेळ बघायचा होता.